नायट्रसचा दुसरा टप्पा केव्हा सोडायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप. दिवसभर हेड फेसिंग, बोअरिंग, व्हॉल्व्ह सीट. संध्याकाळी सातनंतर एखादा पोरगा येऊन उभा राहतो, "मामा, नायट्रस बसवायचंय, दीडशे हॉर्सपॉवरचं." मी विचारतो, चाक धरतंय का? तिथंच निम्मे गप्प होतात.

नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, इंजिनची ताकद वाढवायला बाटलीतून सोडायचा गॅस. तो स्वतः जळत नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, यात ३६. त्या जादा ऑक्सिजनला जादा पेट्रोल दिलं की ताकद वाढते. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जातो.

आता टप्पे कशाला? आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. सुटताना वजन मागं जातं, म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. त्यात दीडशे एकदम सोडले तर नुसता धूर, गाडी जागेवर. म्हणून सुटताना ५० चा पहिला टप्पा, आणि गाडीनं पकड घेतली की १०० चा दुसरा. प्रत्येक टप्प्याला नायट्रसचा एक आणि पेट्रोलचा एक असे वेगळे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह, आणि वेगळे जेट, म्हणजे किती सुटायचं ते ठरवणारी मोजकी भोकं. बाटली एकच.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. सोलेनॉइड भरपूर करंट ओढतात, रिले हवाच. मेन स्विच, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर लागणारा मायक्रोस्विच आणि ठरावीक आरपीएमच्या मध्येच लागणारा विंडो स्विच, तिन्ही जुळल्याशिवाय गॅस सुटता कामा नये. मी खाली ३००० आरपीएम लावतो, वर आरपीएम रोखणाऱ्या लिमिटरच्या थोडं अलीकडं. कमी आरपीएमला सोडलात तर गॅस मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांत, साठतो आणि बॅकफायर झाला की मॅनिफोल्डच फुटतं. दुसऱ्या टप्प्याला टायमर. सुरुवातीला दीड सेकंद ठेवा, मग चाक बघत बघत कमी करत जा.

ठिणगीचं टायमिंग दर ५० हॉर्सपॉवरला साधारण २ अंश मागं. म्हणजे दुसरा टप्पा लागायच्या आत एकूण ६ अंश मागं आलेलं पाहिजे. स्पार्क प्लग एक-दोन नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा.

आता माझी चूक सांगतो, कारण टप्प्यांच्या सिस्टीममध्ये सगळे इथंच फसतात. एका गाडीला पहिला टप्पा चालवून पाहिला, पेट्रोलचं प्रेशर बरोबर. दुसरा चालवला, तोही बरोबर. दोन्ही एकदम चालवून पाहिलेच नाहीत. धावपट्टीवर दुसरा टप्पा लागला, पंप पुरा पडला नाही, मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. प्लग काढला तर पोर्सिलीनवर चांदीच्या टिकल्यांसारखे बारीक ठिपके. अॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, हे फाउंड्रीच्या गावात राहून मला कुणी शिकवायला नको होतं. तिसऱ्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक!

तेव्हापासून रीत ठरली. इंजिन थंड आणि बंद, गाडी उघड्यावर, आसपास विडीसुद्धा नको. बाटली बंद. दोन्ही टप्प्यांच्या पेट्रोलच्या लाइनी जेटसकट एका डब्यात सोडायच्या, पंप चालू करून पेट्रोलचे दोन्ही सोलेनॉइड एकदम उघडायचे आणि वाहत्या पेट्रोलवर गेज वाचायचा. काटा पडला तर पंप बदला. शिवाय प्रेशर पडताच नायट्रस तोडणारा सेफ्टी स्विच बसवाच.

बाटलीचं प्रेशर ९०० ते ९५० पीएसआय. २१ अंशाला ते ७६० च्या आसपास असतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे हीटर लागतो. एप्रिलमध्ये उलटं. ३६.४ अंशांच्या वर आत द्रव असा उरतच नाही, जेटचा सगळा हिशेब चुकतो. उन्हात तापलेल्या डिकीत बाटली ठेवू नका, ओलं गोणपाट गुंडाळा. बाटलीला गॅसची ज्योत दाखवणारा एक वल्ली मी पाहिलाय, त्याला दुकानाबाहेर काढलं. बाटली भरायची ती वजनकाट्यावर, तिच्यावर लिहिलेल्या वजनापुढं एक ग्रॅम नाही.

आणि हे सगळं बंद धावपट्टीवर. रंकाळ्याच्या कडेनं किंवा हायवेला करायचं असेल तर माझ्याकडं येऊ नका.

धाव संपली की आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, मग पर्ज, म्हणजे लाइनीतला गॅस बाहेर सोडायचं बटण, दाबून लाइन रिकामी, आणि प्लग काढून भिंगाखाली. ठिपका दिसला तर दुसरी धाव नाही, गाडी ट्रकवर चढवून घरी.