बंदुकीच्या स्क्रूची खाच बिघडली तेव्हा

बंदूक दुरुस्ती शिकायला लागून काही आठवडेच झाले होते. जुन्या दुनळीच्या चापाखालच्या पट्टीचा स्क्रू काढताना पेचकस सटकला. खाचेची कड उचकटली आणि पट्टीवर ओरखडा आला. फार वाईट वाटलं.

चूक पेचकसाची होती. साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. जोर दिला की ते खाचेतून वर सरकतं. पात्याच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, ते खाचेच्या तळाला टेकलं पाहिजे आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढीच हवी. मग मी एक पातं कानशीने घासून त्या खाचेच्या मापाचं केलं. घासताना ते तापू दिलं नाही, कारण पातं निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं.

दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पुन्हा पाहिलं. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं. उचकटलेली कड छोट्या हातोडीने हलकेच ठोकून जागेवर बसवली. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवलं, मग पेचकस सरळ दाबून फिरवला. स्क्रू सुटला!

पट्टीवरचा ओरखडा मात्र अजून आहे. तो घासला तर काळसर निळी झिलईही जाईल, म्हणून त्याला अजून हात लावलेला नाही.