घरच्या नॅससाठी रेड निवडताय? या चुका टाळा

"चार बेचा नॅस घेतोय. रेड ५ लावू की १०?" ओळखीतलं कुणी ना कुणी अधूनमधून हे विचारतंच. (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, बे म्हणजे त्यातली डिस्क बसवायची खाच, आणि रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जुंपण्याची पद्धत. ५, १० या तिच्या लेव्हल.) मी उलट विचारतो, "आणि बॅकअप कशावर घेणार?" उत्तर ठरलेलं असतं: "अहो, त्यासाठीच तर रेड लावतोय!" गाडं इथेच अडतं.

रेडला (रेड ० सोडून) एकच काम जमतं. एखादी डिस्क मेली तरी नॅस चालू राहतो आणि नवी डिस्क येईपर्यंत तुमचं काही अडत नाही. बाकी संकटांशी त्याला देणंघेणं नाही. कुणी चुकून फोटोंचा फोल्डर उडवला, तर मिररमधल्या (दोन डिस्कवर सारखाच डेटा ठेवणारं रेड) दोन्ही डिस्कवरून तो त्याच क्षणी उडतो. घरफोडी झाली किंवा वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपलं, तर चारही डिस्क एकाच डब्यात बसलेल्या असतात. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या असंख्य नॅसमधल्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंडल्या. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलची जुनी माय बुक लाइव्ह यंत्रं कुणीतरी बाहेरून फॅक्टरी रीसेट केली आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला. यातल्या कुठल्याही प्रकारात रेड ६ असतं तरी काय केलं असतं? कोंडलेल्या फाइली अत्यंत सुरक्षित सांभाळल्या असत्या.

म्हणून पहिली चूक लेव्हल निवडण्यातली नसते, पैसे वाटण्यातली असते. तीन डिस्कचं बजेट असेल तर लोक तिन्ही नॅसमध्ये घालून रेड ५ करतात, कारण त्यात जागा जास्त मिळते. माझं मत विचाराल तर दोन डिस्कचा मिरर करा. तिसरी यूएसबीच्या केसमध्ये घालून तिच्यावर बॅकअप घ्या आणि ती भावाच्या घरी किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. जागा कमी पडत असेल तर आधी सिनेमे कमी करा. ते परत मिळतात, मुंजीचा व्हिडिओ परत मिळत नाही. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फाइलींची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असेल तर तीही चालू करा. चुकून उडवलेल्या फाइलींपैकी बहुतेक तिथूनच परत येतात. पण स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर राहतात, त्यामुळे ते बॅकअपच्या बदली धरायचे नाहीत.

वेगाच्या मोहात रेड ०

रेड ० मध्ये डेटा दोन डिस्कवर वाटला जातो, म्हणून वेग जवळपास दुप्पट होतो. आणि एक डिस्क गेली की सगळंच जातं. पण घरी तो वेग वापरणार कुठे? गिगाबिट नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. आजची एकटी हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना याहून जास्त देते. म्हणजे अडथळा केबलमध्ये आहे आणि धोका आपण डिस्कमध्ये वाढवतोय. वाय-फायवर तर बोलायलाच नको. नॅसवरूनच थेट व्हिडिओ एडिट करणाऱ्याने आधी २.५ गिगाबिटचा स्विच घ्यावा, मग रेडच्या वेगाचा विचार करावा.

चार बे आणि ५, ६, १० चा घोळ

८ टीबीच्या चार डिस्क धरू. रेड ५ मध्ये २४ टीबी हाती लागतात, रेड ६ मध्ये १६ आणि रेड १० मध्येही १६. रेड ५ एका डिस्कचं मरण सोसतं. रेड ६ कुठल्याही दोन डिस्कचं सोसतं. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात, त्यामुळे एक गेल्यावर उरलेल्या तिघींपैकी तिची जोडीदारीण गेली तर सगळं संपतं, दुसरी कुठली गेली तर निभावतं. सारख्याच जागेत रेड ६ जास्त सोसतं. रेड १० ची खरी गरज डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना, कारण बारीकसारीक लिखाण ते झटपट उरकतं आणि रीबिल्डही (मेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभारणं) लवकर होतो. फोटो, सिनेमे आणि लॅपटॉपचे बॅकअप यांना त्याचं काय कौतुक!

मग रेड ५ अजिबातच नको? यावर नेटवर घाबरवणारं गणित फिरत असतं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिट वाचताना न वाचता येणारी चूक एकापेक्षा कमी, असं लिहिलेलं असतं. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. वरच्या उदाहरणात एक डिस्क मेल्यावर उरलेल्या तीन पूर्ण वाचायच्या म्हणजे २४ टीबी वाचायचे, म्हणून रीबिल्ड फसणारच, असा तो युक्तिवाद. पण तो आकडा कंपनीने स्वतःला बांधून घेतलेली कमाल मर्यादा आहे. डिस्क प्रत्यक्षात त्याहून खूपच बऱ्या वागतात, नाहीतर दर महिन्याचा स्क्रबही (सगळ्या डिस्क वाचून डेटा तपासून घेणं) कधी निर्धोक पार पडला नसता.

खरी भीती वेगळी आहे. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १८० एमबीने अखंड भरली तरी बारा तासांहून जास्त लागतात, आणि मधे घरातलं कुणी टीव्हीवर सिनेमा लावला की वेळ आणखी वाढतो. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कना उसंत नाही. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच बॅचमधून आलेल्या असतात आणि सारख्याच झिजलेल्या असतात. लहान डिस्क आणि नियमित बॅकअप असेल तर रेड ५ मला चालतं. मोठ्या डिस्कच्या चार बेला मी रेड ६ सुचवतो.

एक चूक हुशार लोक हमखास करतात: चार बेमध्ये तीन डिस्कचं रेड ५ आणि चौथी हॉट स्पेअर, म्हणजे गरज पडेपर्यंत राखीव ठेवलेली डिस्क. जागा रेड ६ इतकीच मिळते. पण ती चौथी डिस्क नुसती फिरत बसते आणि वेळ आली की तिच्यावर रीबिल्ड शून्यापासून सुरू होतो. रेड ६ मध्ये तीच डिस्क पहिल्या दिवसापासून कामाला लागलेली असते.

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क असतील तर साधं रेड सगळ्यांत लहान डिस्कच्या मापाने सगळ्यांना मोजतं. सिनॉलॉजी या नॅस कंपनीचं स्वतःचं रेड, एसएचआर, उरलेली जागाही वापरतं, पण त्यात जादू नाही. ४, ४ आणि ८ टीबी घातल्या तर रेड ५ मध्ये ८ टीबी मिळतात आणि एसएचआरमध्येही ८ च. चौथी ८ ची घातली की फरक दिसतो: रेड ५ मध्ये १२, एसएचआरमध्ये १६. आणि ४ टीबीची डिस्क ३.६४ दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि सॉफ्टवेअर १०२४ च्या.

डिस्क घेतानाच पाय घसरतो

काही डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. एका पट्ट्यात बदल करायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात ते कळत नाही, कारण डिस्क फावल्या वेळात आवराआवर करून घेते. रीबिल्डमध्ये फावला वेळच नसतो, आणि वेग असा कोसळतो की नॅसला डिस्क मेली असं वाटू शकतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या 'रेड' (इंग्रजीत लाल, आपलं रेड नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, डिस्कसाठी 'रेड प्लस' ही वेगळी मालिका काढली. घेताना नुसत्या नावावर जाऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा आणि सीएमआर लिहिलंय ना, ते पाहा.

डेस्कटॉपची डिस्क घालून हजार-दीड हजार वाचवण्यातही गोम आहे. वाचता न येणारा भाग लागला की ती एकटीच मिनिटभर किंवा त्याहून जास्त झटापट करत राहते, कारण तिच्या समजुतीप्रमाणे डेटाची दुसरी प्रत कुठेच नाही. नॅसची डिस्क सात सेकंदांच्या आसपास नाद सोडते आणि उरलेलं काम रेडवर टाकते. नॅसच्या आत चालणारं लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहतं. त्यात उत्तर आलं नाही तर चांगली डिस्कही गटातून बाहेर काढली जाऊ शकते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, डिस्क हाती आल्यावर सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास फिरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या 'स्मार्ट'मधले तासांचे आकडेही पुसलेले होते. तेव्हा 'तास शून्य दिसतायत' एवढ्यावर समाधान मानू नये.

इन्व्हर्टर आहे ना, मग कशाला यूपीएस?

वीज जाताच इन्व्हर्टर बहुधा नॅस सांभाळून घेतो, हे खरं. पण चार तासांनी बॅटरी संपते तेव्हा तो नॅसला काही सांगत नाही. रेड ५ आणि ६ मध्ये डेटा आणि पॅरिटी (ज्यावरून मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता येतो तो हिशोब) दोन्ही लिहावे लागतात. मधेच वीज तुटली तर एक लिहिलेलं आणि दुसरं राहिलेलं, अशी स्थिती होऊ शकते, आणि ती चूक कळते ती पुढे कधीतरी डिस्क बदलताना. छोटा यूपीएस घ्या, पण यूएसबी पोर्टवाला. ती केबल नॅसला जोडली की बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. यूपीएस घेऊन केबल खोक्यातच ठेवणारे लोक मी पाहिलेत!

केशरी दिवा लागला, आता?

त्याआधी एक प्रश्न: डिस्क बिघडल्याचा हा नॅसवरचा दिवा लागला, हे तुम्हाला कळणार कसं? नॅस माळ्यावर असतो, बीप त्रास देतो म्हणून बंद केलेला असतो आणि ईमेलची सूचना कुणी लावलेलीच नसते. मग पहिली डिस्क दिवाळीत मरते आणि दुसरी मेल्यावर, गुढीपाडव्याला, पत्ता लागतो. ईमेल आजच लावा आणि चाचणीचा मेल खरोखर येतो का, ते बघा.

सूचना आली की लगेच डिस्क उपसायला धावू नका. आधी बॅकअप कधीचा आहे, ते पाहा. जे त्यात नाही ते बाहेर कॉपी करून घ्या, अगदी महत्त्वाचं आधी. रीबिल्ड त्यानंतर.

मग डिस्क खरंच मेली का, ते तपासा. स्मार्टच्या यादीत ५, १९७ आणि १९८ क्रमांकाचे आकडे चढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय, ती बदला. हे तिन्ही शून्य आणि फक्त १९९ चढतोय, तर दोष बहुधा केबलचा किंवा खाचेतल्या जोडणीचा. नॅस बंद करून डिस्क काढा, पुन्हा नीट बसवा आणि आकडा थांबतो का पाहा. अशा वेळी नवी डिस्क विकत आणूनही दोष तिथेच राहतो. तापमानही बघून घ्या. मे महिन्यात बंद टीव्ही युनिटमध्ये कोंडलेल्या नॅसच्या डिस्क सहज पन्नाशी गाठतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीची डिस्क उपसणं. स्क्रीनवर 'डिस्क ३' दिसते, पण मोजायचं डावीकडून की उजवीकडून? रेड ५ मध्ये एक मेलेली असताना दुसरी धडधाकट डिस्क काढली की पूल (डिस्क मिळून झालेला अख्खा साठा) तिथेच कोसळतो. म्हणून बसवतानाच प्रत्येक ट्रेच्या तोंडावर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून पट्टी चिकटवा. स्क्रीनवरचा नंबर आणि पट्टीवरचा नंबर जुळल्याशिवाय ट्रेला हात लावू नका.

दोन डिस्क एकदम गेल्या आणि रेड ५ कोसळलं, तर नॅसच्या स्क्रीनवर इनिशियलाइज किंवा नवा पूल बनवण्याचं बटण समोर येतं. ते दाबू नका. बऱ्याचदा दुसरी डिस्क मेलेली नसते, वीज किंवा जोडणी हलल्याने नुसती बाहेर फेकलेली असते, आणि तसा पूल परत जुळवता येतो. नॅस बंद करा. प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक लिहा. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने प्रत्येकीची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतींवर करा. हे येत नसेल आणि बॅकअप नसेल, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. तोवर कुठलीही दुरुस्तीची आज्ञा चालवू नका.

नॅसचा डबाच जळाला तर मात्र घाबरण्यासारखं कमी असतं. सिनॉलॉजीच्या डिस्क त्याच कंपनीच्या दुसऱ्या योग्य मॉडेलमध्ये त्याच क्रमाने घातल्या की बहुधा उभ्या राहतात. आत लिनक्सचंच रेड असल्याने लिनक्सच्या पीसीवरही वाचता येतात. झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल तर ती चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर जोडता येतो. अडचण येते ती जुन्या पीसीचा नॅस करून मदरबोर्डच्या बायोसमधलं रेड वापरणाऱ्यांची. बोर्ड गेला की बऱ्याचदा तसाच बोर्ड शोधत फिरावं लागतं. पीसीवर करायचं तर सॉफ्टवेअरचंच रेड करा.

रीबिल्ड झाला की एकदा स्क्रब चालवा, मग मेलेली डिस्क वॉरंटीत पाठवायचा विचार करा. मिररमधली डिस्क म्हणजे तुमच्या डेटाची अख्खी प्रत असते. आधारचे स्कॅन, बँकेची पत्रं, सगळं. रेड ५ च्या एकट्या डिस्कवरही लहान फाइली जशाच्या तशा सापडतात. मेलेली डिस्क पुसता येत नाही, आणि फोडली तर वॉरंटी जाते. पूल बनवतानाच एन्क्रिप्शन चालू केलं असेल आणि किल्ली नॅसच्या बाहेर ठेवली असेल, तर डिस्क बिनधास्त पाठवा. नसेल तर नव्या डिस्कचे पैसे खिशातून घाला.