गरोदरपणातलं वजन: या चुका टाळा

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे कोल्हापुरात प्रत्येक गरोदर बाईला ऐकावं लागतं. प्रेमापोटीच, पण पहिली चूक इथेच होते. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं अन्न फारसं लागतच नाही. चौथ्या महिन्यापासून दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर घट्ट आमटी.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकच आकडा लावणं. जावेचं वजन बारा किलो वाढलं, म्हणून तुमचंही तेवढंच वाढावं असं नाही. उंची 152 सेंमी आणि दिवस राहण्याआधी वजन 45 किलो असेल, तर साडेअकरा ते सोळा किलो वाढ ठीक. त्याच उंचीला वजन 62 असेल, तर सात ते साडेअकरा पुरे. म्हणून पहिल्याच तपासणीत उंची आणि वजन कार्डावर लिहून घ्या. पाचव्या महिन्यात नाव नोंदवलं, तर सुरुवातीचं वजन कळायचं कसं?

"गूळ चालतो, साखर नको" हा तर आपल्याकडचा लाडका गैरसमज. गूळ आपला कितीही नामांकित असला, तरी रक्तात त्याची साखरच होते. आईची वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ जास्त इन्सुलिन बनवतं आणि अंगावर चरबी धरतं. अशा बाळाचा खांदा प्रसूतीत अडकू शकतो आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते. गुटगुटीत बाळ म्हणजे निरोगी बाळ, हे खरं नाही. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करा. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 140 किंवा जास्त आलं, तर लगेच उपचार हवेत. वजन कमी असलेल्यांनीही ती टाळू नये.

उलट चूकही होते: "बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल" म्हणून उपाशी राहणं. हे मला जास्त काळजीचं वाटतं. आधीच किरकोळ असलेली मुलगी कमी जेवली, तर बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा आणि दिवस भरण्याआधी येण्याचा धोका वाढतो. वजन जास्त असलं, तरी गरोदरपणात डाएट करून ते उतरवायचं नसतं. वाढ हळू ठेवायची, एवढंच.

आठवड्यात किलो-दीड किलो वजन वाढलं, बांगड्या अचानक घट्ट झाल्या, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर ते खाण्यामुळे आहे असं समजू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून घ्या.