लाकूड दिवाळीनंतर घडतं: मराठवाड्यातल्या सागासाठी हिवाळी कामं

झाडं लावण्याचा सल्ला दर जूनमध्ये सगळीकडून मिळतो. रोपं वाटली जातात, खड्डे भरले जातात, फोटो निघतात. त्या झाडांचं पुढं काय करायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पंधरा-वीस वर्षांनी गुत्तेदार धुऱ्यावर येतो, दोन खोडांवर हात फिरवतो आणि "माल बारीक आहे, गाठीचा आहे" म्हणून भाव पाडतो. त्याचं बोलणं बऱ्याचदा खरंही असतं. बारीकपणा आणि गाठी ही दोन्ही दुखणी हिवाळ्यातल्या कामांनी टळण्यासारखी आहेत. सोयाबीन घरात आलं, ज्वारी-हरभरा पेरून झाला की तिथपासून होळीपर्यंतचा काळ हा लाकडाचा हंगाम समजा.

अलीकडे पाइनची रोपं कुठं मिळतील, अशी विचारणा होऊ लागली आहे. फर्निचरच्या दुकानात पाइनचं नाव कानावर पडतं. परदेशात पाइनची शेती करून लोक पैसा मिळवतात, हेही खोटं नाही. न्यूझीलंडमध्ये लागवडीच्या वनांपैकी सुमारे 90 टक्के क्षेत्र एकट्या रेडिआटा पाइनचं आहे आणि तो साधारण 25 ते 30 वर्षांत तोडणीला येतो. तरी मराठवाड्यात पाइन लावू नका. भारतातला चीर पाइन हिमालयाच्या उतारांवरचा आहे. त्याला निचऱ्याची जमीन आणि डोंगरातली हवा मानवते. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) 8 च्या आसपास, पावसाळ्यात चिबड आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळलेली. शिवाय पाइनच्या मुळांना ठरावीक बुरशींची सोबत लागते, ती आपल्या रानात नसते. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं, पाइन नव्हे. सुरूची पानं सुईसारखी दिसतात म्हणून त्यालाही काही जण पाइन म्हणतात, पण त्याचं कूळच वेगळं.

झाड नको, पण पाइन लावणाऱ्यांची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. ते सुरुवातीला दाट लावतात, म्हणजे झाडं सरळ उंच जातात. मग वाकडी, दबलेली झाडं वेळेवर काढून टाकतात आणि ठेवलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या कोवळ्या वयातच छाटतात. वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीजवळ भंगारात पाइनचे पॅलेट, म्हणजे माल ठेवायचे फळ्यांचे पाट, मिळतात. त्यातली एखादी फळी नीट पाहा. गाठच गाठ दिसेल, आणि एखादी काळी गाठ अंगठ्यानं दाबली तर निघूनही येईल. जिवंत फांदीचं बूड खोडात गुंतत गेलं की घट्ट गाठ होते. फांदी वाळून तशीच राहिली आणि खोड तिच्याभोवती वाढलं, की ही सुटी गाठ तयार होते. असा माल पेट्यांना जातो. ज्या झाडाच्या खालच्या सहा-एक मीटरवरच्या फांद्या वेळेत काढल्या, त्याच्यावर पुढं चढणारं लाकूड बिनगाठीचं असतं आणि ते चांगल्या कामाला जातं. झाडाची जात तीच, फरक फक्त करवत कधी चालवली याचा. सागालाही हेच लागू आहे.

छाटणी

फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढायची. मनगटाएवढी होऊ दिली की जखम मोठी होते, भरायला दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढ्यात पाणी आत मुरून गाभा कुजायला लागतो. कोयता आणि कुऱ्हाड घरी ठेवा. वाकड्या पात्याची छाटणीची करवत कुठल्याही कृषी साहित्याच्या दुकानात मिळते.

फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. त्या कड्याच्या लगेच बाहेर काप घ्यायचा. कड्यासकट खोडाला घासून कापलं तर जखम रुंद होते. वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि त्याचीच सुटी गाठ बनते. आपल्याकडे दुसरी चूक जास्त दिसते, कारण सालगड्याला वर चढताना त्या खुंटावर पाय ठेवायला बरं पडतं. जाड फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्या, मग त्याच्या जरा पुढं वरून कापून वजन उतरवा आणि शेवटी कड्याजवळ नीट करा, म्हणजे साल चिरत खाली येणार नाही. मोठ्या जखमेवर 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करा, लोखंडी घमेल्यात नको. बारीक जखमांना काही लावायची गरज नसते.

एका हंगामात किती छाटायचं? झाडाच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग मोकळा करा, त्याहून फार वर जाऊ नका. पानं हीच झाडाची चूल. सगळी पानं उतरवून वर फक्त झुपका ठेवला की झाड उंच दिसतं, पण घेर भरत नाही आणि खोडावर जागोजाग पाणफुटवे फुटतात. तसे फुटवे आलेच तर कोवळे असताना हातानंच मोडा. दर एक-दोन वर्षांनी थोडं थोडं वर सरकत 15 ते 18 फुटांचं सरळ, मोकळं खोड मिळालं की थांबा.

हे काम मार्गशीर्ष-पौषात उरकलेलं बरं. पावसाळ्यातल्या जखमा ओल्या राहतात. उलट मार्चच्या तोंडावर अचानक उघडं पडलेलं कोवळं खोड पश्चिमेच्या उन्हानं भाजतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे धुऱ्यावरच्या झाडांची सावली उत्तरेकडच्या रानात पडते. तुमच्या उत्तर धुऱ्यावरचा साग शेजाऱ्याची ज्वारी दाबतो, आणि भावकीतल्या भांडणाला तेवढं निमित्त पुरतं. खालच्या फांद्या काढल्या की निम्मी तक्रार मिटते. उरलेल्या निम्म्यासाठी झाडांच्या ओळीपासून चार-पाच फूट सोडून दोन फूट खोल चर काढा, म्हणजे वरच्या थरातली मुळं पिकाच्या ओलीवर येणार नाहीत.

कडुलिंबाला लवकर दोन शेंडे फुटतात. पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक शेंडा ठेवला तर आठ-दहा फुटांचं खोड मिळतं, नाहीतर सावली मिळेल, लाकूड नाही. भारी काळ्या रानात, जिथं साग पिवळा पडून बसतो, तिथं बाभूळ बिनतक्रार वाढते. धुऱ्यासाठी रामकाठी बाभूळ घ्या. तिचा विस्तार अंगालगत राहतो, पिकावर सावली कमी येते.

विरळणी: जीवावर येणारं काम

2 बाय 2 मीटरवर लावलेल्या सागात एकरी सुमारे 1,000 झाडं बसतात. ही सगळी झाडं मोठी होतील, असं गृहीत धरून हिशेब मांडणारे लोक रोपं विकायला येतात. "एका झाडाला अमुक हजार, गुणिले हजार झाडं" असा तो कागद असतो. त्या कागदात विरळणी, म्हणजे मधली झाडं काढून टाकणं, नसते. प्रत्यक्षात पाचव्या वर्षाच्या आसपास फांद्या एकमेकींत घुसतात, खाली ऊन येत नाही आणि खोडं काठीसारखी उंच जायला लागतात. तेव्हा एकाआड एक तिरकी ओळ काढायची. 500 झाडं राहतात आणि अंतर सुमारे 2.8 मीटर होतं. दहाव्या वर्षाच्या सुमाराला पुन्हा निम्मी काढली की 250 झाडं 4 बाय 4 मीटरवर उरतात. वर्षाचा आकडा पाळण्यापेक्षा झाडाकडे बघा: भारी ओलिताच्या रानात ही वेळ आधी येते, माळरानावर उशिरा.

दुसऱ्या विरळणीपासून ओळ बघायची नाही, झाड बघायचं. वाकडं, दोन शेंड्यांचं, किडलेलं, दबलेलं ते जाणार. सरळ आणि जोमदार ते राहणार. गुत्तेदाराच्या हाती काम सोपवलं तर तो नेमकं उलटं करतो. जाड तेवढं नेतो आणि रोगट तेवढं तुमच्यासाठी ठेवतो. म्हणून ठेवायच्या झाडांना आधी स्वतः चुन्याचा पट्टा मारा आणि मगच माणसं आत घाला. तोडलेल्या बल्ल्या, वासे मांडवाला, गोठ्याला, भाजीच्या ताटीला विकले जातात. त्यातून फार पैसा होत नाही, पण मजुरी निघते.

आपल्या भागात विरळणीचं खरं कारण पाणी आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पुढं पुन्हा तसं वर्ष आलं, तर एकरभर रानातली तीच ओल हजार झाडांनी वाटून प्यायची की अडीचशे झाडांनी, हे आज ठरवावं लागतं. दाट ठेवलेल्या सागात दुष्काळात जी झाडं मरतात ती तुम्ही निवडलेली नसतात.

तोडलेल्या सागाच्या बुडख्याला पावसाळ्यात जोरदार फुटवे येतात. जागा रिकामी ठेवायची असेल तर ते मोडत राहा. कडेला जागा असेल तर एकच फुटवा ठेवा, जुन्या मुळांवर तो झपाट्यानं वाढतो. पुढं तोडणी सुरू झाल्यावरही सगळं रान एका वर्षात उघडं करू नका. धुऱ्यावर शंभर झाडं असतील तर वर्षाला चार-पाच काढा आणि तेवढीच लावा.

अळी, पालापाचोळा आणि विस्तव

दिवाळीच्या सुमाराला सागाची पानं जाळीसारखी दिसतात, शिरा तेवढ्या उरतात. हे पानांची जाळी करणाऱ्या अळीचं काम. मोठ्या झाडावर यासाठी फवारणी करू नका. ती पानं तशीही थोड्या दिवसांत गळणार असतात. पैसे वाचवा.

गळलेला पाला गोळा करून पेटवू नका. तो बुंध्याशी राहिला तर ओल टिकते. मात्र फेब्रुवारीनंतर हाच पाला पेट घेतो, त्यामुळे रानाच्या चारही बाजूंनी 3 मीटर रुंदीचा पट्टा वखरून साफ ठेवा. उत्तराखंडात चीर पाइनच्या वाळक्या सुयांना पिरूल म्हणतात, आणि दर उन्हाळ्यात वणवा त्यावरूनच धावतो. आपल्याकडे उसाचं पाचट किंवा धुऱ्याचं गवत कुणी पेटवलं की तेच होतं. झाड मरत नाही, म्हणून नुकसान दिसत नाही. पण बुडाशी साल भाजली की तिथून कूज आत शिरते, आणि सर्वांत जाड, सर्वांत किमती असा खालचा ओंडकाच हातचा जातो.

मोजमाप आणि विक्री

झाड डोळ्यानं विकू नका. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपनं मोजा आणि दर हिवाळ्यात वहीत लिहा. एखाद्या झाडाचा घेर दोन वर्षं वाढलाच नसेल, तर पुढच्या विरळणीत कोण जाणार हे वहीच सांगते. ओंडक्याचा व्यापारी हिशेब असा असतो: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर 32 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर 8 गुणिले 8 गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 4.44 घनफूट. या रीतीत खऱ्या आकारमानाच्या सुमारे 78 टक्केच माल धरला जातो. साल आणि कापणीतली घट त्यात गेली, असं व्यापारी मानतो. मग सालीसाठी पुन्हा वेगळी कपात मागितली तर हे त्याला दाखवा.

किनवट-माहूरच्या जंगलातल्या जुन्या सागाचा भाव बारा वर्षांच्या झाडाला मिळणार नाही. कोवळ्या सागात बाहेरचा पांढरा भाग जास्त आणि तपकिरी गाभा थोडा असतो. टिकतो तो गाभा. पांढऱ्याला भुंगा लागतो. परदेशी जाणारे पाइनचे पॅलेट गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवतात ते लाकडातल्या किडी सोबत जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडे तेवढी सोय नसते, म्हणून तोडल्याबरोबर साल काढा, लाकूड जमिनीपासून हातभर उंच दगडांवर किंवा ओंडक्यांवर रचा, थरांमध्ये पट्ट्या घाला आणि वर सावली करा. दोन्ही तोंडांना ऑइल पेंट फासा. पौषात तोडलेला माल सावकाश वाळतो. एप्रिलच्या उन्हात तोडून टाकलेला ओंडका महिन्याभरात तोंडाकडून उभा तडकतो.

आणि हे सगळं करायच्या आधी कागद. साग तुमच्या सातबाऱ्यावरच्या रानात असला तरी तो महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहे, म्हणजे तोडायला परवानगी लागते. खैर, चंदन, आंबा, चिंच हेही आहेत. विरळणी ही कायद्याच्या नजरेत तोडच असते. ई-पीक पाहणीत धुऱ्यावरची झाडं नोंदवून घ्या, म्हणजे झाडं कुणाची हा वाद राहत नाही. परवानगीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या, कारण पाहणी आणि मोजणीला वेळ जातो. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वन विभागाचा वाहतूक परवाना आणि ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का लागतो. "कागदाचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या गुत्तेदाराकडून परवान्याची प्रत मागून घ्या आणि त्यावर गट नंबर, नगांची संख्या व मुदत तपासल्याशिवाय गाडी भरू देऊ नका.