आतला दगड कुठे गेला?

नाशिकचा माणूस नदीवर निघाला की "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. गोदावरी हे नाव पुस्तकातलं आणि पाट्यांवरचं. बाजार गंगेवर भरतो, दशक्रिया गंगेवर होते, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की "गंगेला पूर आलाय" असा निरोप घरोघरी जातो. मीही लहानपणापासून हेच बोलत आले. या एका शब्दाच्या पोटात अख्खी उत्पत्तिकथा आहे हे मात्र मला तिशीत कळलं, खेळासाठी जग रचायला बसले तेव्हा. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय, तिला हाकलायला उचललेली दर्भाची काडी, तेवढ्यानं मेलेली ती गाय, ते पातक फेडायला ब्रह्मगिरीवर केलेलं तप आणि शंकराच्या जटेतून उतरलेली गंगा. ही कथा रोज कुणी सांगत बसत नाही. तरी रोज हजार तोंडांनी ती बोलली जाते, कारण नदीला हाक कशी मारायची हे तिनं ठरवून टाकलंय.

गेली सात वर्षं मी दोन कामं करते. रविवारी दुपारी सिडकोतल्या आमच्या घरी पाचजण जमतात, वीस बाजूंचा फासा टाकून कल्पित जगात फिरतात. ते जग मी चालवते, म्हणजे गेम मास्टर असते. आणि आठवड्यातले काही दिवस छोट्या व्हिडिओ गेमसाठी लोर लिहिते. लोर म्हणजे त्या जगाचा पूर्वेतिहास, दंतकथा, देव, भांडणं. दोन्हीकडे मला सर्वांत प्रिय काम एकच: एल्फ, ड्वार्फ, ऑर्क असे जे निरनिराळे लोक खेळात असतात, ते कुठून आले याच्या नव्या कथा रचणं. या कामात यायचंय असं म्हणणारी मुलं-मुली हल्ली भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझी पहिली वही बावीस पानांची होती. आरंभी अंधार होता, मग एक देव जागा झाला, त्यानं अश्रूंतून एक वंश घडवला, निखाऱ्यातून दुसरा. खूप मन लावून लिहिलं होतं. खेळायला बसल्यावर एकीनं विचारलं, "मी या निखाऱ्यातल्या लोकांपैकी आहे ना, मग मी काय खात नाही? कुणाच्या दारात पाय ठेवत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बावीस पानांत एकाही माणसाला सकाळी उठून त्या कथेमुळे काही वेगळं करावं लागत नव्हतं.

तेव्हापासून मी उलटीकडून चालते. आधी आजचा दिवस ठरवायचा: हे लोक भेटल्यावर काय म्हणतात, पोर जन्मलं की काय करतात, शिवी कोणती देतात, कोणती वस्तू फेकत नाहीत. मग विचारायचं, असं का? त्या 'का'चं उत्तर म्हणजे उत्पत्तिकथा. गंगेचं उदाहरण म्हणून सुरुवातीला दिलं.

एक कथा कशी जुळली ते सांगते. माझी भाची आठ वर्षांची असताना तिला पांडवलेण्यांवर घेऊन गेले होते. त्रिरश्मी डोंगरातली ही चोवीस लेणी, दोन हजार वर्षांच्या घरातली. मी तिला समजावत होते की इथे दगडावर दगड रचलेला नाही, डोंगर आत पोखरत जाऊन खोल्या, खांब, ओटे राखले आहेत. जे दिसतंय ते मुळात डोंगरच आहे. ती थोडा वेळ खांबाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मावशी, आतला दगड कुठे गेला?"

पायऱ्या उतरताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. खेळातल्या ड्वार्फांची नेहमीची कथा अशी असते की कुणा कारागीर देवानं त्यांना दगडातून कोरलं. आता समजा, एक लोक असे आहेत जे कोरलेले नाहीत. कोरताना जो दगड बाहेर पडला, ज्या कपच्या दरीत ढकलल्या गेल्या, त्या म्हणजे ते. देवळं इतरांची झाली आणि बाहेर पडलेला ढीग उठून चालू लागला. ते स्वतःला 'उरले' म्हणतात. दोघं भेटले की एक विचारतो, "कोण उरलं?" आणि दुसरा म्हणतो, "आपण उरलो." पोर जन्मलं की उंबऱ्यात एक कपची पुरतात. काहीही घडवताना निघालेला भुगा, साल, टरफल, कातरण ते फेकत नाहीत. ते फेकणारा त्यांच्या लेखी खुनी. आणि पोकळ जागेत, गुहेत, मोठ्या दालनात शिरताना ते डोकं झाकतात, कारण ती त्यांच्या आईची रिकामी कूस आहे.

हे सगळं मिळून वहीचं पाऊण पान झालं. पुढच्या रविवारी एका खेळाडूनं सफरचंद खाऊन साल टाकली आणि उरल्यांच्या बाजूनं खेळणाऱ्यानं, कुणी न सांगता, ती उचलून खिशात ठेवली. कथा लागू पडल्याची खूण मी तेवढीच मानते.

पण एका तोंडाची कथा पुरत नाही. शेजारी काय म्हणतात? डोंगराखालचे रानातले लोक त्यांना 'उरले' म्हणतच नाहीत, 'कपारे' म्हणतात, आणि सांगतात की या चोरांनी डोंगराचं पोट फाडून खाल्लं म्हणून डोंगर आतून पोकळ आहे. पोकळ डोंगर एकच, कपच्यांचा ढीग एकच. निकाल मात्र उलटा. यातून खेळाला खरं इंधन मिळतं, कारण उद्या डोंगरावर हक्क कुणाचा हे याच दोन कथांवर ठरणार असतं.

हे मला डोंगरानंच शिकवलं. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत, त्याच्या दानांची यादी देणारे. आणि तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगताना त्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला असं कोरलंय. एकाच डोंगरात, हाकेच्या अंतरावर. गावाच्या नावाचंही तेच. कुणी म्हणतं शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नाशिक, कुणी म्हणतं नऊ टेकांवर वसलं म्हणून. हनुमानाचा जन्म आपल्या अंजनेरीचा, हे इथल्या पोराला विचारायचीही गरज नाही. पण हंपीजवळच्या अंजनाद्रीवर आणि तिरुमलेलाही तितक्याच ठामपणे तेच सांगतात. नवीन लिहिणाऱ्याला वाटतं की खरी गोष्ट कोणती ते आपण ठरवून ठेवलं पाहिजे. मी ठरवत नाही. दोन्ही कथा खेळाडूंच्या हाती देते आणि त्यांना त्यांत राहू देते.

आता एक गोष्ट, जी सांगायला आजही जड जाते. पहिल्या वर्षी मी पात्रांचे तक्ते मराठीत केले होते. इंग्रजी तक्त्यात जिथे 'रेस' असतं तिथे मी सरळ 'जात' लिहिलं. मला तो नुसता शब्द वाटला. आमच्यातला एकजण, वयानं सगळ्यांत मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्यानं तक्ता वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "इथे पण जात भरायची?" कुणी काही बोललं नाही. ज्या गावात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह करावा लागला, त्या गावात बसून मी हा रकाना आखला होता. त्या दिवशी खेळ झाला नाही. आम्ही चहा करून बोलत बसलो, आणि या कामातलं सर्वांत मोलाचं जे आहे ते मला त्या दुपारी मिळालं.

दादा म्हणाला, उत्पत्तिकथेनं माणसाची जागा ठरते, आणि ते आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांतून चार वर्ण निघतात. कोण कशातून निघालं एवढं सांगितलं की कुणी कुठे बसायचं हे सांगावंच लागत नाही. आणि महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त काय केलं? त्याच अवतारकथा उचलल्या आणि हरलेल्यांच्या बाजूनं पुन्हा सांगितल्या. वामनानं पाताळात घातलेला बळी रयतेचा राजा झाला. तसा तो लोकांच्या तोंडी होताच; दिवाळीत ओवाळताना बायका "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत आल्या आहेत.

त्यानंतर मी जुन्या खेळांच्या कथा वेगळ्या डोळ्यांनी वाचल्या. या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालचा डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्याच्या जुन्या पुराणात एल्फांचा देव कोरेलॉन आणि ऑर्कांचा देव ग्रूम्श यांची लढाई होते. ग्रूम्शचा डोळा जातो आणि कोरेलॉनच्या सांडलेल्या रक्तातून एल्फ जन्मतात. कथा म्हणून जोरकस आहे. पण ती तशीच घेतली तर ऑर्कानं जन्माआधीच वैर स्वीकारलेलं असतं. त्याला दुसरं काही होता येत नाही. त्या खेळानंही २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' केला. आमच्या तक्त्यावर आता 'लोक' लिहिलेलं असतं. आणि मी एक नियम पाळते: माझ्या कथेत लोकांना सवयी, देणी, भीती आणि गाणी मिळतील, स्वभाव मिळणार नाही. रागीट वंश, लबाड वंश, अडाणी वंश मी लिहीत नाही. कुणी पैसे देऊन मागितला तरी मी आधी वाद घालते.

दुसरी सावधगिरी अशी. आपल्या जिल्ह्यात कथा पायाला लागतील इतक्या आहेत. कळवण, बागलाण, सुरगाण्याकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, पेठ-त्र्यंबकच्या पट्ट्यात बोहाड्याची सोंगं नाचतात. एकदा मी बोहाड्यातल्या एका मुखवट्यावरून राक्षस बेतला होता. पेठकडच्या एका मैत्रिणीनं चित्र पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा आमच्याकडे पूजेला असतो." मी तो काढून टाकला. ज्या कथेपुढे आज कुणी हात जोडतंय तिचं नाव बदलून आपली म्हणून चालवायची नाही. तिच्याकडून रीत शिकावी: ती कधी सांगतात, कोण सांगतं, ऐकताना काय करतात. सामग्री स्वतःची आणावी.

कामाच्या व्यवहाराबद्दल थोडं. व्हिडिओ गेममध्ये तुमच्या कथेला जागा फार थोडी असते. पात्र निवडायच्या स्क्रीनवर तीसचाळीस शब्द, कुठल्या तलवारीच्या वर्णनात एक ओळ, वाटेतल्या म्हातारीच्या तोंडी दोन वाक्यं. म्हणून कथा फोडता आली पाहिजे. मी आधी पूर्ण लिहिते आणि मग तिचे तुकडे करते: एक अभिवादन, एक शपथ, एक ओवी, एक शिवी. खेळाडूला चारपैकी दोनच सापडले तरी मागची कथा जाणवली पाहिजे.

नावं ठेवताना तांत्रिक बाजू पाहा. देवनागरी सगळ्या गेम इंजिनांना, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्यांना, नीट मांडता येत नाही. कुठे जोडाक्षर फुटतं, कुठे पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. २०२३ च्या गोडो ४ पासून त्या इंजिनात हे बरंच सुकर झालं, पण तुमचा स्टुडिओ काय वापरतो ते तुमच्या हातात नसतं. 'उरले' आणि 'कपारे' यांत जोडाक्षर नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, हा योगायोग नव्हे. नाव मोठ्यानं हाकही मारून पाहा. लढाईच्या गडबडीत जे तोंडात अडकतं ते आठवड्यात कुणीतरी छोटं करतं.

काम मागायला जाताना सबंध विश्वाचा आराखडा नेऊ नका, वाचायला कुणाला वेळ नसतो. एकच लोक घ्या आणि त्यांची कथा तीन तोंडांतून लिहा: त्यांची स्वतःची, शेजाऱ्यांची आणि त्यांच्यातल्याच एका लहान पोराची. दोन पानं. ट्वाइन हे मोफत साधन आहे, त्यात ती खेळता येईल अशी करून ठेवली तर अधिक चांगलं. नियम मुळापासून बनवत बसायचीही गरज नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे, श्रेय देऊन वापरता येतो. आणि काहीही कुठे पाठवण्याआधी चार माणसं बसवून खेळून घ्या. वाचून कळत नाही ते फासा पडल्यावर कळतं.

मला तरी तसंच कळलं. उरल्यांची कथा वर्षभर चालली होती, मला ती पूर्ण वाटत होती. एका रविवारी दादाचं पात्र, म्हातारी उरली बाई, मोठ्या दालनात डोकं झाकून शिरली. मी नेहमीप्रमाणे भिंतीचं, खांबांचं वर्णन केलं. दादानं पदर सोडल्यासारखा हात खाली घेतला आणि विचारलं, "हे खोदलं कुणी?"

माझ्या कथेत खोदणारे कुणीच नव्हते. दगड निघाला होता, छिन्नी कुणाच्या हातात होती ते मी लिहिलंच नव्हतं.

म्हातारी म्हणाली, "आम्हीच खोदलं असेल. खोदून झाल्यावर आम्हाला बाहेर घातलं, आणि तुम्ही कचरा आहात असं सांगितलं. ते आम्ही इतकी वर्षं गाण्यात म्हणतोय."

मी त्या दिवशी फासा टाकायला सांगितला नाही. तेव्हापासून चार रविवार ते पाचही जण कंदील घेऊन त्या भिंतींवरून हात फिरवताहेत. छिन्नीचे घाव उजव्या हाताचे की डावऱ्या, हे त्यांना पाहायचंय, कारण उरले सगळे डावरे आहेत, हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज ठरवलं होतं आणि मी ते वहीच्या कडेला टिपून ठेवलं होतं.