वस्तीतला गोळीबार थांबवायचा तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत राहणारे आपले लोक म्हणतात, आमच्या एरियात गोळीबार होतो, पण पोलिसांना फोन करण्यापलीकडे आम्ही काय करणार. बरंच करता येतं, फक्त आधी हे पक्कं समजून घ्या की गोळीबार साथीसारखा पसरतो. शिकागोचे डॉक्टर गॅरी स्लटकिन सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये टीबी आणि कॉलऱ्यावर काम करून आले होते, घरी आल्यावर त्यांना दिसलं की नकाशावर गोळीबाराचे ठिपकेही तसेच झुपक्याने पडतात, एकातून दुसरा. मग 2000 साली शिकागोतल्याच वेस्ट गारफिल्ड पार्क नावाच्या वस्तीत त्यांनी साथ रोखायचीच पद्धत वापरून बघितली.

तर आधी भांडणात मध्ये पडून पुढचा गोळीबार थांबवू शकेल असा माणूस शोधा. त्याच वस्तीत वाढलेला, कधीकाळी स्वतः टोळीत असलेला, आता त्यातून बाहेर पडलेला आणि पोरं ज्याचं ऐकतात असा. तुम्ही आम्ही मध्ये पडायला गेलो तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. त्याला ट्रेनिंग द्या आणि पगार द्या, रात्रीबेरात्री जीव धोक्यात घालायचं काम आहे, फुकट कसं करून घ्यायचं?

कुणाला गोळी लागली की त्याचे भाऊ, मित्र बदला घ्यायचं बोलायला लागतात, त्याच रात्री हा माणूस त्यांच्याजवळ बसलेला पाहिजे. हॉस्पिटललाही सोबत घ्या, ओकलंडमध्ये 1994 पासून अशी माणसं जखमी पोरांना खाटेपाशी जाऊन भेटतात आणि घरी सोडल्यावरही नोकरी, शाळा वगैरेसाठी पाठीशी राहतात.

त्याने ऐकलेलं पोलिसांना सांगायचं नाही. हे मलाही आधी खटकलं होतं, पण एकदा खबऱ्या म्हणून नाव पडलं की त्याच्याशी कोण बोलणार?

पैशाची सोय दोन-तीन वर्षांची आधीच बघा. शिकागोत 2015 मध्ये राज्याचा निधी थांबला आणि बऱ्याच वस्त्यांमधलं काम बंद पडलं. आणि फरक सगळीकडे सारखा पडत नाही, बाल्टिमोरमध्ये काही वस्त्यांत पडला, काहींत नाही, म्हणून गोळीबाराचे आकडे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

आता तुमच्या माझ्या हातातलं काम, म्हणजे रिकामे प्लॉट. फिलाडेल्फियात 541 पडीक प्लॉट घेऊन प्रयोग केला, त्यातल्या काहींवरचा कचरा काढला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. 2018 साली निकाल छापून आला, गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीचे गुन्हे 29 टक्क्यांनी कमी झालेले. आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते सिटी हॉलमध्ये विचारा, परवानगी घ्या, शेजाऱ्यांना गोळा करा, आणि गवत कुणी कधी कापायचं ते त्याच दिवशी ठरवून टाका.