कमीत कमी खर्चाचे प्रॉब्लेम: नवीन पोरांनी सुरुवात कुठनं करायची

कोडफोर्सेस (प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धा घेणारी वेबसाइट) ची कॉन्टेस्ट बहुतेक वेळा रात्री ८:०५ ला सुरू होते, आणि सुरुवातीच्या सोप्या प्रॉब्लेममधे "कमीत कमी किती खर्च येईल" हा प्रकार लै वेळा दिसतो. आमच्या ग्रुपमधली नवीन पोरं तिथंच अडकतात, कारण अर्धं स्टेटमेंट वाचलं की लगेच टायपिंग सुरू. थांबा जरा, आधी वही घ्या.

पहिला घ्या कोडफोर्सेसवरचा प्रॉब्लेम नंबर १११८ए, वॉटर बाइंग. हा तर सोलापूरकरांसाठीच काढलाय असं वाटतं, नळाला पाणी कधी येणार याचा हिशोब घालण्यातच आपलं आयुष्य गेलंय. बरोबर एन लिटर पाणी पाहिजे, एक लिटरची बाटली अ रुपयाला, दोन लिटरची ब ला, बाटल्या पाहिजे तेवढ्या. आता स्वतःला विचारा, माझ्या हातात निवड कशाची आहे? दोन लिटर घ्यायचे तर एक मोठी नाहीतर दोन छोट्या, जे स्वस्त पडेल ते, बास एवढीच निवड. म्हणून एनला २ नं भागून जो पूर्णांक येईल त्याला मिन(२अ, ब), म्हणजे दोन्हीतलं जे कमी, त्यानं गुणायचं आणि एन विषम असेल तर वर एक अ टाकायचा. लूप लावून एकेक लिटर मोजत बसलात तर मेलात, एन दहाच्या बाराव्या घातापर्यंत जातो, प्रोग्रॅम वेळेत संपणारच नाही. आणि सी प्लस प्लसमधे साधा इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) २१४७४८३६४७ वर संपतो, तेव्हा त्याहून मोठे आकडे मावणारा लाँग लाँग घ्या. पायथनवाल्यांना ही कटकट नाही.

खरी गंमत पुढच्यात, ४६६ए, चीप ट्रॅव्हल. तिकिटांचा प्रॉब्लेम आहे पण मी चादरीवर सांगतो. समजा लग्नात पाहुण्यांना द्यायला सोलापूरच्या चाटी गल्लीतनं ८ चादरी घ्यायच्यात, सुटी चादर ३०० ला, तीनचं बंडल ८०० ला (भाव मनातले आहेत, दुकानात जाऊन भांडू नका). दोन बंडल १६००, वर दोन सुट्या ६००, झाले २२००. बरोबर आहे. आता बंडल ५०० ला करा. दोन बंडल १०००, उरलेल्या दोन सुट्या घेतल्या तर ६००, पण तिसरं बंडलच ५०० ला मिळतंय की! म्हणजे १५०० मधे ९ चादरी, एक उरली तर उरू दे. मी पहिल्यांदा हेच विसरलो होतो, राँग आन्सर आलं, शेजारी बसलेला मित्र स्क्रीनकडं बघून म्हणला "का बे, काय करलालास, बाकीचं पण बंडलमधे घे की". आता बंडल १००० ला करा, मग बंडल घेणाराच येडा, ८ सुट्या २४०० मधे येतात. तिन्ही केस एका ओळीत बसतात: सगळ्या सुट्या घेतल्या तर होणारा खर्च एकीकडं, आणि दुसरीकडं पूर्ण बंडलांचा खर्च अधिक मिन(उरलेल्या सुट्या, अजून एक बंडल), या दोन्हीतलं कमी ते उत्तर.

पाण्याच्या प्रॉब्लेममधे "बरोबर एन" होतं, इथं जास्त झालं तरी चालतंय. स्टेटमेंटमधला हा फरक पेननं गोल करून ठेवा, निम्मे राँग आन्सर तिथनंच येतात असं माझं मत आहे.

आणि फॉर्म्युला सुचला नाही तर? चीप ट्रॅव्हलमधे एन (आपल्या गोष्टीत किती चादरी पाहिजेत तो आकडा) फक्त १००० पर्यंत आहे. बंडल ०, १, २ असं वाढवत जा, प्रत्येक वेळी राहिलेल्या सुट्या घ्या (वजा आलं तर शून्य धरा), सगळ्यात कमी खर्च लक्षात ठेवा. तेच सबमिट करा, कोणी मार्क कापत नाही.

"स्वस्त दिसतंय ते आधी उचल" हे मात्र दरवेळी चालत नाही. नाणी १, ३, ४ ची आहेत आणि कमीत कमी नाण्यांत ६ रुपये करायचेत, मोठं आधी घेतलं तर ४, १, १ अशी तीन नाणी लागतात, पण ३, ३ मधे दोनच. आपल्या नोटांत मोठी आधी हे जमून जातं म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. तिथं १ पासून प्रत्येक रकमेचं उत्तर काढत वर जायचं, सीएसईएसवर (सरावाच्या प्रॉब्लेमची अजून एक वेबसाइट) मिनिमायझिंग कॉइन्स नावानं आहे.

अजून एक फसवा प्रकार, सगळ्यांना एका जागी आणायचा खर्च. होटगी रोडवर तीन मित्र १, २ आणि ९ किलोमीटरवर राहतात, चहाला कुठं भेटायचं की एकूण चालणं कमी होईल? सरासरी ४ येते, तिथं ३ अधिक २ अधिक ५, म्हणजे १०. मधल्या मित्राच्या दारात, २ वर भेटलात तर १ अधिक ० अधिक ७, म्हणजे ८. एक पाऊल उजवीकडं सरकलं की डावीकडचे जितके तितकी पावलं वाढतात आणि उजवीकडचे जितके तितकी कमी होतात, म्हणून दोन्हीकडं सारखे होतील तिथं थांबायचं. सॉर्ट करून, म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून, मधला घ्या. सीएसईएसचा स्टिक लेंग्थ्स हाच आहे, तिथं दोन लाखांपर्यंत काठ्या सारख्या लांबीच्या करायच्या असतात, बेरजेला परत लाँग लाँग लागतंय.

सबमिट करायच्या आधी तीन इनपुट हातानं चालवा: एन १ असताना, बंडल फुकटात पडल्यासारखं स्वस्त असताना, आणि बंडल सुट्यापेक्षा महाग असताना. चीप ट्रॅव्हलमधे माझं हुकलं ते दुसऱ्यावर.